धुऱ्यावरून परत फिरताना

मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. शेजारच्याने धुरा कोरला असं कुणीतरी येऊन सांगितलं आणि मी होतो तसाच वावराकडे निघालो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझा डावा पाय कॅलिपरमध्ये आणि दोन्ही काखांत कुबड्या. वाशीम जिल्ह्याची काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. कुबडीचं टोक दर पावलाला चार बोटं रुतत होतं. ते उपसायचं, चिखल झटकायचा, पुढे टेकायचं, की पुन्हा तेच. धुऱ्यावर पोचलो तेव्हा बोलण्याइतकाही दम राहिला नव्हता, आणि समोर तो हातात फावडं घेऊन उभा.

शब्दाला शब्द लागला. त्याचा आवाज चढला. त्याने जमिनीत रोवलेलं फावडं उपटून खांद्यावर घेतलं, तेव्हा कुठे मी मागे वळून रस्ता किती दूर आहे ते पाहिलं. तीनशे पावलं असतील. "बरं भाऊ, उद्या तुमच्या घरी बसून बोलू," एवढंच म्हणालो आणि फिरलो. ती तीनशे पावलं चालायला मला वीस मिनिटं लागली. मागून शिव्या येत राहिल्या. तो स्वतः आला नाही. आला असता तर त्या चिखलात मला वळूनसुद्धा बघता आलं नसतं.

गावात नंतर दोन मतं झाली. काही म्हणाले, घाबरून पळाला. काही म्हणाले, शहाणपणा केला. माझं स्वतःचं मत वेगळं आहे. परत फिरलो ते बरोबर केलं, पण फार उशिरा फिरलो. माझी माघार धुऱ्यावर नव्हे, घराच्या ओट्यावर सुरू व्हायला हवी होती.

स्वसंरक्षणाच्या कुठल्याही शिबिरात पहिला धडा एकच असतो: पळता येत असेल तर पळा. धडा खोटा नाही, पण तो धडधाकट पायांसाठी लिहिलेला आहे. कुबडीवर, कॅलिपरवर, जयपूर फूटवर, तीनचाकीवर किंवा पांढऱ्या काठीच्या आधाराने चालणाऱ्या आपल्यासारख्यांना हातघाईच्या क्षणी पळता येत नाही. म्हणून आपल्याला माघार घ्यायची असेल तर ती भांडण रंगायच्या आत, पहिला आवाज चढताच घ्यावी लागते. वेग नाही, तर वेळ हाताशी ठेवायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी जागा. आपल्याला आपल्या शरीराइतकीच आपल्या पायाखालची जमीन ठाऊक हवी. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती कुबडी गिळते आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत कुबडीचं टोक अडकतं. त्यामुळे वादाचं बोलणं वावरात करायचंच नाही. करावंच लागलं तर रस्त्याच्या कडेला, पक्क्या जमिनीवर, आणि सोबत कुणीतरी असतानाच. पांदणीत, विहिरीच्या काठावर, नाल्यापाशी कधीच नाही. तीनचाकी किंवा बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटी उभी करताना तिचं तोंड बाहेर, रस्त्याकडे असू द्या. वळवायला लागणारं अर्धं मिनिट तिथेच वाचतं. किल्ली खिशात न ठेवता हातात ठेवा. दुकानात, चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीत बसताना पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे. ऐकू न येणाऱ्यांना तर ही जागा हक्काने मागून घ्यायला हवी, कारण त्यांना मागून येणारी पावलं कळत नाहीत.

एसटीतल्या राखीव जागेवरून होणारी भांडणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. तिथे बसलेल्या माणसाशी वाद घालत उभं राहू नका. चालत्या गाडीत उभ्याने भांडणं म्हणजे एका ब्रेकसरशी आपटणं. वाहकाला बोलवा, त्याला अपंगत्वाचं (यूडीआयडी) कार्ड दाखवा, जागा मिळवून देणं त्याचं काम आहे. कुणी अंगावर आलाच तर गाडी पोलीस ठाण्यात घ्या असं मोठ्याने सांगा. चालक गाडी ठाण्यात नेतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि नुसत्या त्या वाक्याने निम्मे लोक खाली बसतात. रामनवमीला पोहरादेवीला जाताना किंवा कुठल्याही जत्रेच्या गर्दीत मधोमध न जाता कडेकडेने चाला. गर्दीत भांडण पेटलं की माणसं मारामारीपेक्षा पळापळीत जास्त चेंगरतात, आणि आधी पडतो तो आपल्यासारखा.

भांडण चढत चाललंय हे ओळखायच्या खुणाही माहीत हव्यात. समोरचा तेच तेच वाक्य पुन्हा म्हणू लागतो. आजूबाजूला कोण आहे ते चोरून बघतो. एक पाऊल जवळ येतो, हातातली वस्तू या हातातून त्या हातात घेतो. यातली एक खूण दिसली की निघायचं. निघताना बरोबर कोण, चूक कोण हे ठरवत बसू नका. "तुमचं खरं असेल भाऊ, मी चाललो" एवढं म्हणायला काही लागत नाही. हे वाक्य जिभेवर यायला मला पुष्कळ वर्षं लागली, कारण 'लंगडा म्हणून घाबरला' हा टोमणा लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या टोमण्याला उत्तर म्हणून जे उभे राहतात त्यांची हाडं मोडतात. ते हाड मोडलं की आपलं चालणंच थांबतं, धडधाकट माणसासारखे सहा आठवड्यांत आपण उठत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. एक म्हणजे, पळून जाता येत असताना पळाला नाहीत म्हणून तुमचा बचावाचा हक्क जातो, असं आपल्या कायद्यात कुठेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या भारतीय दंड विधानातली ९६ ते १०६ ती हीच. शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण झाली की हा हक्क सुरू होतो. पहिला फटका बसायची वाट बघावी लागत नाही. ती भीती असेतोवर हक्क राहतो, आणि धोका टळला की संपतो. कलम ३७ मधल्या दोन मर्यादा महत्त्वाच्या: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो फक्त कलम ३८ मधल्या थोड्या प्रसंगांत: जीवाची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड फेकणं अशा.

दोन निकाल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. दोन्ही जमिनीच्या वादातले, पंजाबकडचे, पण आपल्या धुऱ्याला चपखल बसणारे. जय देव विरुद्ध पंजाब राज्य हा १९६२ सालचा, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेला. त्यांनी म्हटलं की संकटात सापडलेल्या माणसाचा प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं असेल त्याला जागा द्यावी लागते. एवढं उदारपणे म्हणूनसुद्धा त्यांनी आरोपींना दोषीच धरलं, कारण समोरचा जमाव पळू लागला होता आणि धोका संपल्यावर गोळ्या चालल्या होत्या. दुसरा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१०. त्यात बापावर गंडाशाचा वार होताना मुलाने गोळी झाडली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. हल्ला चालू असताना केलेला वार आणि हल्ला संपल्यावर केलेला वार, एवढाच या दोन निकालांतला फरक, आणि त्यानेच एक जण सुटला, दुसरा अडकला.

आपल्यासाठी यातला 'वाजवी भीती' हा शब्द फार मोलाचा आहे. धडधाकट तरुणाला एका माणसाच्या हातातल्या काठीची जेवढी भीती वाटेल, तेवढीच कुबडीवरच्या माणसाला वाटेल असं नाही; त्याला मागे सरता येत नाही, पडला तर उठता येत नाही, एक धक्का म्हणजे सगळं. प्रकरण न्यायालयात गेलंच तर तुमच्या वकिलाने ही गोष्ट अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासह सविस्तर मांडायला हवी. न्यायाधीश तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेलं पाहतात. चिखलात कुबडी रुतलेली असताना तुम्ही कसे दिसत होता, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांना दिसणार नाही.

आणि एक धोक्याची सूचना. एकदा सुखरूप घरी पोचलात, आणि मग भावाला, पुतण्याला, काठीला घेऊन परत धुऱ्यावर गेलात, तर तो बचाव राहत नाही. मारामारीच्या कितीतरी खटल्यांत आधी मार खाल्लेला माणूस दुसऱ्या फेरीमुळे आरोपी झालेला असतो.

माघार घेता आलीच नाही तर काय करायचं? जवळच्या भिंतीला, झाडाला, गाडीला पाठ लावा. पाठ टेकली की एक कुबडी मोकळी करता येते. कुबडी डोक्यावर उगारू नका. तोल जातो आणि समोरचा ती वरच्या वर धरतो. ती खाली ठेवून टोकाने पुढे ढोसा, त्याच्या नडगीवर, गुडघ्यावर, मग लगेच मागे घ्या. त्याला एक पाऊल मागे सारणं एवढाच हेतू ठेवा. तो मागे हटला की थांबा आणि ओरडा. चाकाच्या खुर्चीत असाल तर आधी दोन्ही ब्रेक लावा, नाहीतर तुमच्याच धक्क्याने खुर्ची मागे जाईल. पडणार हे कळलं तर कुबड्या बाजूला टाका, म्हणजे आपण त्यांच्यावर पडणार नाही. हनुवटी छातीला लावा, कोपरं थोडी वाकलेली असू द्या. खाली पडल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाका आणि जो पाय चांगला आहे तो हल्लेखोराच्या बाजूला ठेवा. हे वाचून येत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला पडायचं कसं ते शिकवा म्हणा आणि घरी गादीवर महिन्यातून एकदा करून पाहा.

ओरडताना 'वाचवा' म्हणू नका, ते सगळ्यांना उद्देशून असतं आणि म्हणून कुणालाच नसतं. एका माणसाकडे बघून ओरडा: "ओ निळ्या सदऱ्यावाले भाऊ, इकडे या, हा मला मारून राहिला!" ज्याला हाक मारली तो हलतो, आणि एक हलला की बाकीचेही येतात. गळ्यात शिट्टी असू द्या, दम कमी पडला तरी ती वाजते. फोन पिशवीत नाही, सदऱ्याच्या वरच्या खिशात किंवा गळ्यातल्या दोरीला. ११२ हा क्रमांक फिरवायला मारहाण व्हावी लागत नाही. धमकी आली, कुणी वाट अडवली, तेवढं पुरे. उलट आपण खेड्यात राहतो, गाडी यायला वेळ लागतो, म्हणून लवकर फिरवा. बोलता किंवा ऐकता येत नसेल तर ११२ चं मोबाईल ॲप आधीच घेऊन ठेवा. फोनचं बटण किती वेळा दाबलं की संकटाचा संदेश जातो, तेही आजच बघून घ्या.

चाकू किंवा मिरचीचा फवारा जवळ ठेवू का, असं बरेच जण विचारतात. चाकू मुळीच नाही. आपले दोन्ही हात आधाराला लागतात, तो हिसकावला जातो आणि आपल्यावरच चालतो. फवारा वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे, आणि डोळे चुरचुरत असताना आपल्याला तिथून हलता येत नाही. तो घ्यायचाच तर आधी अंगणात पाण्याने भरलेल्या बाटलीने सराव करा.

चोरट्याची गोष्ट वेगळी. पैसे, घड्याळ, मोबाईल मागितला तर देऊन टाका. कुबडी, खुर्ची, पांढरी काठी मात्र शक्य तोवर सोडू नका, कारण तीच आपली परतीची वाट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लिहिणाऱ्यांना हे पुरतं कळलं होतं. त्या कायद्याचं कलम ९२ अपंग माणसाच्या अवयवाला इजा करणं आणि त्याच्या सहायक साधनाची मोडतोड करणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणं, दोन्ही एकाच वाक्यात धरतं. म्हणजे माझी कुबडी ओढून फेकणं आणि माझ्या पायाला मारणं कायद्याच्या डोळ्यांत शेजारी शेजारी आहे. चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने हिणवणं किंवा धमकावणं, अपंग स्त्रीवर विनयभंगाच्या हेतूने हात टाकणं, ताब्यात असलेल्या अपंग माणसाला मुद्दाम उपाशी ठेवणं हेही याच कलमात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. तक्रार लिहिताना या कलमाचं नाव घ्या, कारण ठाण्यात नेहमीच्या मारहाणीची कलमं आधी आठवतात आणि ९२ राहून जातं.

एक जागा अशी आहे जिथून माघार घेणं सगळ्यात कठीण, ती म्हणजे आपलं घर. जो जेवण वाढतो, अंघोळीला नेतो, पेन्शनचं पासबुक सांभाळतो, तोच मारत असेल तर जायचं कुठे? अशा घरांमध्ये उलट हात उचलण्याचा सल्ला मी देणार नाही. त्या रात्री तुम्ही जिंकलात तरी उद्या सकाळी पाणी त्याच्याच हातून घ्यायचं आहे. तिथे माघार म्हणजे बातमी घराबाहेर जाणं. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी, भजनी मंडळातलं कुणी, असं एक माणूस आधी ठरवा आणि त्याच्याशी एक खूण ठरवून ठेवा, 'औषध संपलं' असा निरोप गेला की तो येईल. याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे अशा छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं. आपल्याकडे तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात.  छळ होणाऱ्या माणसाला तिथून सोडवणं, त्याच्या राहण्याची आणि पोटापाण्याची सोय बघणं याचे आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांना तहसील आहे. घर कितीही आडबाजूला असलं तरी आपल्या वतीने तिथवर जाणारं एक माणूस मिळणं अशक्य नाही.

घटना घडून गेल्यानंतरचं काम कंटाळवाणं असतं, पण निम्मी प्रकरणं तिथेच बिघडतात. आधी सरकारी दवाखाना, डॉक्टरांना मारहाणीची केस आहे हे स्पष्ट सांगा. मोडलेली कुबडी, वाकलेलं कॅलिपर टाकू नका, दुरुस्त करू नका, फोटो काढून तसंच ठेवा. यूडीआयडी कार्डाची प्रत तक्रारीला जोडा. धुऱ्याच्या भांडणात समोरचाही लगेच उलट तक्रार देतो, त्यामुळे उद्या जाऊ म्हणून थांबू नका. तुम्ही कुबडी मारली असेल तर 'मी मारलीच नाही' असं म्हणून बसू नका, ते खोटं पडलं की बचावाचं खरंही बुडतं. आधी वकिलाशी बोला, मग घडलं तसं सांगा. वकिलाला पैसे नाहीत हे कारण आपल्याला लागू नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवेचा क्रमांक १५१००.

पोलिसांना तुमचा जबाब साक्षीदार म्हणून हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या माणसाला राहत्या घराबाहेर हजर राहायला भाग पाडता येत नाही. तुम्ही आपणहून गेलात तर गोष्ट वेगळी. लैंगिक गुन्ह्यांत अपंग व्यक्तीची फिर्याद घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, गरज असेल तर दुभाषी किंवा विशेष शिक्षक बसवून, चित्रीकरण करत नोंदवावी असं कलम १७३ सांगतं. "तुला दिसत नाही, तू ओळखणार कसं?" हा प्रश्न अंध बाईला विचारला गेला तर २०२१ चा पतन जमाल वली खटला सांगा. त्यातल्या अंध मुलीने हल्लेखोर आवाजावरून ओळखला होता. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी निकालात स्पष्ट केलं की अपंग साक्षीदाराची साक्ष निव्वळ अपंगत्वामुळे हलकी ठरत नाही.

माझ्या धुऱ्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो नाही, कारण तेही त्याचं अंगण होतं. भूमी अभिलेखच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकला. तुमचा वाद हद्दीचा असेल तर हाच मार्ग. धुऱ्यावरून जाण्यायेण्याच्या वाटेचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज. चालू वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली, आणि तो सहा महिन्यांच्या आत टाकायचा असतो हे विसरू नका. पुन्हा मारायची धमकी असेल तर शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यावं म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ प्रमाणे अर्ज करता येतो. आपल्याकडे याला अजूनही '१०७ ची कारवाई' म्हणतात.

मोजणीच्या दिवशी मी रस्त्यावरच खुर्ची टाकून बसलो. वावरात पुतण्या गेला, त्याच्या हातात मोबाईल, बरोबर कोतवाल आणि दोन शेजारी. निघायच्या आधी मी दोन्ही कुबड्यांची खालची झिजलेली रबरं बदलून घेतली होती. तुमचीही उलटून बघा. टोकावरच्या रेघा पुसल्या असतील तर पेरणीच्या आत नवी बसवा.